चाळिशी आणि इब्नुल हैसमची चूक

जवळचं वाचायला लागणाऱ्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवून बघायची मला सवय आहे. उर्दूतल्या ‘ऐनक’मध्ये अरबी ‘ऐन’ म्हणजे डोळा आहे. ‘चश्मा’मध्ये फारसी ‘चश्म’, म्हणजे पुन्हा डोळाच. मराठीतल्या ‘चाळिशी’त मात्र डोळा कुठेच नाही, सरळ वयच सांगून टाकलं आहे.

मला चाळिशी लागली ती हजेरी घेताना. हजेरीपट हळूहळू लांब धरू लागले होते, ते माझ्या आधी पहिल्या बाकावरच्या मुलींच्या लक्षात आलं. एक दिवस हात पूर्ण लांब झाला तरी नावं वाचता येईनात. वर्गाच्या मागच्या भिंतीवरच्या नकाशातली गावं मात्र लख्ख दिसत होती. सव्वाचा नंबर निघाला आणि पर्समध्ये एक डबी वाढली.

हे सगळं नव्याने मनात असतानाच नववीतली एक मुलगी भाषण तपासायला घेऊन आली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी तिने मराठीतून भाषण लिहिलं होतं, विषय इब्नुल हैसम. आमची शाळा उर्दू माध्यमाची असल्यामुळे मराठी भाषणं माझ्याकडे येतात. मी नेहमीप्रमाणे लाल पेन घेऊन लिंग-वचनं दुरुस्त करत गेले. मग एक वाक्य आलं. डोळ्यातलं भिंग जवळच्या वस्तूसाठी जाड आणि दूरच्या वस्तूसाठी बारीक होतं हे इब्नुल हैसम यांनी एक हजार वर्षांपूर्वी सांगितलं, आणि त्यांच्यामुळेच चष्म्याचा शोध लागला, असं तिने लिहिलं होतं. व्याकरण बरोबर होतं. मी बरोबरची खूण करणार, तेवढ्यात थांबले. हे तिला कुठून मिळालं ते मला ठाऊक होतं. तसाच एक मजकूर माझ्याही फोनवर आला होता आणि मागच्या वर्षी मी तो वर्गात सांगितला होता.

मी तिला म्हटलं, दोन आठवडे दे, मी जरा बघते. स्टाफरूममध्ये हे बोलले तेव्हा एक सहकारी म्हणाले, “रहने दीजिए बाजी, बच्ची अपने लोगों के बारे में दो अच्छी बातें बोल रही है.” त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आमच्या मुलांना इतिहासात त्यांच्या नावासारखी नावं भेटतात ती बहुतेक वेळा तलवारीसह. त्यात एक माणूस हातात पुस्तक आणि भिंग घेऊन भेटतो, आणि त्याच्यावर मी लाल पेन चालवायचं? तरीही मी वाचायला बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

प्रश्न काय आहे

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. एक बहिर्गोल भिंग घ्या आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरा. भिंग पुढे-मागे केलं की एका जागी भिंतीवर खिडकीचं छोटं, उलटं चित्र स्पष्ट उमटतं. आता खिडकीऐवजी हातभर अंतरावरच्या मेणबत्तीचं चित्र मिळवायचा प्रयत्न करा. भिंग भिंतीपासून आणखी दूर न्यावं लागतं. वस्तू जवळ आली की चित्र मागे सरकतं.

डोळ्यात भिंग आहे आणि मागचा पडदाही आहे. अख्खा डोळा जेमतेम २४ मिलिमीटर लांब, त्यामुळे भिंग मागे-पुढे करायला फारशी जागा नाही. तरी एखादं पोर वहीतली अक्षरं वाचता वाचता मान वर करून डोंगरावरचं झाड बघतं आणि दोन्ही स्पष्ट दिसतं. हे डोळा कसं करतो? आज शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर दोन ओळींत असतं. त्या दोन ओळी लिहिता याव्यात म्हणून माणसाला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली.

किरण बाहेर जातात की आत येतात?

सुरुवातीला वाद याहून मूलभूत होता. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडने दृष्टीची भूमिती मांडली. तिच्यात दृष्टीचे किरण डोळ्यातून निघून वस्तूपर्यंत जातात. टॉलेमीही त्याच बाजूचा. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याने डोळ्याची चिरफाड करून थर सांगितले आणि दृष्टीचं मुख्य इंद्रिय म्हणजे डोळ्यातलं भिंग, असं ठरवलं.

हे ग्रीक ज्ञान नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आलं. आणणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव हुनैन इब्न इसहाक यांचं. त्यांनी डोळ्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. कैरोत राहणारे जर्मन नेत्रवैद्य मॅक्स मेयरहॉफ यांनी तो १९२८ मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापला. हुनैन मुसलमान नव्हते, ख्रिस्ती होते. खलिफाच्या राजधानीत एक ख्रिस्ती वैद्य ग्रीक ग्रंथ अरबीत आणत होता आणि मुसलमान अमीर त्याला आश्रय देत होते. मला वाटतं, त्या काळाची खरी श्रीमंती सांगायची तर इथून सांगावी.

त्यानंतर इब्नुल हैसम. जन्म बसऱ्यात, साधारण ९६५ मध्ये. मृत्यू कैरोत, १०४०च्या सुमारास. लॅटिन जगात ते ‘अल्हाझेन’ म्हणून ओळखले जातात. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, आणि इराकच्या २००३च्या दहा हजार दिनारच्या नोटेवर त्यांचं चित्र होतं. सात भागांच्या ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये त्यांनी जुना वाद निकालात काढला. त्यांचे दाखले अगदी साधे आहेत. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येऊन डोळ्यावर परिणाम करतं. झगझगीत वस्तूकडे टक लावून नंतर अंधारात पाहिलं तर तिचा आकार काही वेळ डोळ्यासमोर राहतो. उलट डोळे उघडताच आकाशभर तारे दिसतात. तेवढ्या वेळात डोळ्यातून निघालेल्या कशाने तरी सगळं आकाश भरून टाकलं असं मानायचं का?

मग त्यांनी सांगितलं की वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सगळ्या दिशांना जातो. इथे एक अडचण उभी राहते, आणि ती अडचण स्वतःहून मान्य करणं हा त्यांचा मोठेपणा. प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सगळीकडे जात असेल, तर डोळ्याच्या प्रत्येक ठिकाणी सगळ्याच बिंदूंचा प्रकाश येणार. सगळा काला होणार. मग आपल्याला नाक नाकाच्या जागी आणि कान कानाच्या जागी कसे दिसतात?

चूक

त्यांचं उत्तर असं: डोळ्याच्या पृष्ठभागावर जे किरण काटकोनात पडतात तेवढेच दृष्टीच्या कामाचे. बाकीचे तिरके किरण वळतात आणि दुबळे पडतात. काटकोनातला किरण प्रत्येक बिंदूपासून एकच येतो, त्यामुळे काला होत नाही. हे किरण भिंगाच्या पुढच्या भागावर जसेच्या तसे, सरळ चित्र उमटवतात आणि पाहण्याची जाणीव तिथेच सुरू होते.

उत्तर हुशारीचं आहे, पण चुकीचं आहे. भिंगाला पाहण्याची जाणीव नसते. तिरके किरण टाकाऊ नसतात. डोळ्यातलं चित्र सरळ नसतं, उलटं असतं. छोट्या छिद्रातून अंधाऱ्या जागेत उलटं चित्र पडतं हे इब्नुल हैसमना चांगलं माहीत होतं. ग्रहणातल्या सूर्याच्या आकारावर त्यांनी त्याच पद्धतीने स्वतंत्र लेखन केलं आहे. पण डोळ्यात तसं होत असेल हे त्यांनी स्वीकारलं नाही. कारण मग जग उलटं दिसायला हवं.

माझ्या विद्यार्थिनीच्या वाक्याचं उत्तर मला इथे मिळालं. इब्नुल हैसमच्या डोळ्यात किरण गोळा होऊन पडद्यावर एका बिंदूत मिळतच नाहीत. म्हणजे तिथे फोकस ही गोष्टच नाही. फोकसच नसेल तर जवळच्यासाठी आणि दूरच्यासाठी तो बदलतो कसा, हा प्रश्न कोण विचारणार? भिंग जाड-बारीक होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या मांडणीत ते सांगण्याचं कारणही नव्हतं.

पण त्यांची नजर मोठी होती. नीट दिसण्यासाठी कोणकोणत्या अटी लागतात त्यांची यादी त्यांनी केली. पुरेसा उजेड हवा, मधली जागा पारदर्शक हवी, डोळा निरोगी हवा, आणि अंतर मध्यम हवं. वस्तू फार दूर असली तरी चूक होते, डोळ्याच्या फार जवळ आणली तरी चूक होते. माझा लांब धरलेला हजेरीपट त्या ‘मध्यम अंतरा’च्या शोधात होता. त्यांनी गोष्ट अचूक नोंदवली होती; कारण पुढच्या लोकांसाठी राहिलं.

आधी चष्मा, मग कारण

गंमत म्हणजे कारण कळायच्या तीनशे वर्षं आधी उपाय सापडला. १३०६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये जोर्दानो नावाच्या पिसाच्या धर्मगुरूने प्रवचनात सांगितलं की चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत, आणि ती काढणाऱ्या माणसाला आपण भेटलो आहोत. म्हणजे साल १२८६च्या आसपासचं. त्या कारागिराचं नाव आज कोणालाच माहीत नाही. पिसाच्या मठाच्या बखरीत मात्र आलेस्सांद्रो देल्ला स्पिना या दुसऱ्या धर्मगुरूबद्दल एक सुंदर नोंद आहे. चष्मा आधी केला होता तो दुसऱ्याच कोणीतरी, आणि ती विद्या तो सांगायला तयार नव्हता. स्पिनांनी ती स्वतः जमवली आणि आनंदाने सगळ्यांना शिकवली.

सुरुवातीचे चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे चाळिशीच. दूरचं न दिसणाऱ्यांसाठीची अंतर्गोल भिंगं पंधराव्या शतकात आली. १४६२ मध्ये मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. एक डझन तरुणांसाठी दूरचं बघायला, एक डझन म्हाताऱ्यांसाठी जवळचं बघायला आणि एक डझन साधारण नजरेच्या लोकांसाठी. वय आणि अंतर यांचा संबंध चष्मेवाल्याला पाठ होता. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच शतकात हेरातमध्ये फारसी कवी जामी म्हातारे होत होते. ‘सलामान व अबसाल’ या काव्यात ते कमजोर नजरेची तक्रार करतात आणि म्हणतात की फिरंगी काचेच्या मदतीने दोनाचे चार केल्याशिवाय आता चालत नाही. (मराठीत दोनाचे चार होतात ते हात. इथे डोळे.) मला त्यातला ‘फिरंगी’ शब्द महत्त्वाचा वाटतो. मौलाना जामी हे सूफी परंपरेतलं किती मोठं नाव! त्यांना आपल्या नाकावरची वस्तू फिरंग्यांची आहे हे सांगताना जराही कमीपणा वाटला नाही. चष्म्याचा शोध आपणच लावला असं म्हणण्याची गरज पाचशे वर्षांनंतरच्या आपल्याला वाटते, त्यांना वाटली नव्हती.

१५०० ते १८०० या काळात चष्मा भारतात कसा पसरला याचा माग पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी घेतला होता. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

केपलर आणि दोन सुया

‘किताब अल-मनाज़िर’ १२००च्या आसपास लॅटिनमध्ये गेला. तेराव्या शतकात विटेलो नावाच्या अभ्यासकाने त्याच्या आधारावर मोठा ग्रंथ लिहिला. १५७२ मध्ये फ्रीडरिश रिस्नर याने बाझल शहरात हे दोन्ही ग्रंथ एकाच जाडजूड खंडात छापले. तो खंड केपलरच्या हाती पडला.

योहानेस केपलरची स्वतःची नजर लहानपणी देवीच्या आजाराने अधू झालेली. १६०४ मध्ये त्याने प्रकाशावरचं आपलं पुस्तक काढलं आणि नाव दिलं: विटेलोला पुरवणी. इब्नुल हैसमना जी अडचण दिसली होती तीच त्याने उचलली आणि उत्तर बदललं. तिरके किरण टाकायचे नाहीत. एका बिंदूतून निघून बुबुळावर पसरलेले सगळे किरण डोळा वळवतो आणि मागच्या पडद्यावर पुन्हा एका बिंदूत आणतो. चित्र उलटं पडतं? पडू दे. ते सरळ कसं वाटतं हे इतरांनी शोधावं, असं म्हणून त्याने तो प्रश्न पुढच्यांवर सोपवला. पाहणारा अवयव भिंग नसून पडदा आहे, हे बाझलच्याच फेलिक्स प्लाटर या वैद्याने १५८३ मध्ये म्हटलं होतं. केपलरने त्याला गणित दिलं. बहिर्गोल आणि अंतर्गोल चष्मे का चालतात हे तेव्हा पहिल्यांदा नीट सांगता आलं.

आणि आता फोकसचा प्रश्न आपोआप उभा राहिला. १६१९ मध्ये क्रिस्टोफ शाइनर या जेझुइट धर्मगुरूने तो एका साध्या प्रयोगाने सगळ्यांपुढे ठेवला. जाड कागदाला टाचणीने शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रं पाडा, दोन्ही बुबुळासमोर येतील इतकी जवळ. एक डोळा मिटून दुसऱ्याने त्यातून उभ्या धरलेल्या सुईकडे बघा. नजर सुईवर असेल तर सुई एक दिसते. नजर तशीच दूरच्या भिंतीवर न्या. सुईच्या दोन होतात. दोन छिद्रांतून आलेले किरण पडद्यावर एका जागी मिळाले तर एक चित्र, नाहीतर दोन. म्हणजे जवळ आणि दूर बघताना डोळ्यात काहीतरी खरोखरच बदलतं.

हा प्रयोग मी आणि त्या मुलीने मधल्या सुट्टीत केला. सुई डोळ्यापासून १५ सेंटिमीटरवर. तिला एक दिसली. मला दोन. कितीही प्रयत्न केला तरी दोनच. मग मी चाळिशी लावून सुई थोडी लांब नेली आणि त्या दोन सुया सरकत सरकत एक झाल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत विज्ञानाचा एवढा आनंद मला पहिल्यांदाच झाला असेल.

काय बदलतं?

पुढची अडीचशे वर्षं वाद चालला तो यावर. कोणी म्हणे बुबुळ बारीक होतं तेवढं पुरे. कोणी म्हणे अख्खा डोळा लांबतो. कोणी म्हणे समोरचा पारदर्शक पडदा फुगतो. कोणी म्हणे भिंग पुढे सरकतं. माशांमध्ये खरोखरच भिंग सरकतं. देकार्तने भिंगाचा आकार बदलत असावा असा तर्क केला. पुरावा कोणाकडेच नव्हता.

१७९३ मध्ये थॉमस यंग या वीसेक वर्षांच्या इंग्रज तरुणाने रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला: बदलतं ते भिंगच. लगेच नामवंत शस्त्रवैद्य एव्हरार्ड होम यांनी आपले प्रयोग मांडले आणि समोरचा पडदा बदलतो असं सांगितलं. यंगने आपलं म्हणणं मागे घेतलं. पण प्रश्न सोडला नाही. १८०० मध्ये तो पुन्हा उभा राहिला, या वेळी प्रयोग घेऊन, आणि बरेचसे प्रयोग स्वतःच्याच डोळ्यावर.

त्याने छोट्या नळीत पाणी भरून ती डोळ्याला लावली. पाण्यात समोरच्या पडद्याची किरण वळवण्याची ताकद जवळजवळ संपते, तिची भरपाई त्याने नळीतल्या भिंगाने केली. तरीही जवळ-दूर फोकस करणं चालूच राहिलं. म्हणजे समोरचा पडदा नव्हे. मग डोळा नाकाकडे वळवून त्याच्या मागच्या बाजूला किल्लीची कडी दाबून धरली. दाबामुळे डोळ्यात एक प्रकाशाचा ठिपका दिसतो. डोळा लांबत असता तर जवळ बघताना तो ठिपका बदलला असता. बदलला नाही. शेवटी मोतीबिंदूमुळे भिंग काढून टाकलेल्या माणसांची नजर त्याने मोजली. त्यांना फोकस बदलताच येत नव्हता. उरलं ते फक्त भिंग.

यंग बरोबर होता, पण पूर्ण नाही. भिंग स्वतःच स्नायू आहे असं त्याला वाटत होतं. ते तसं नाही.

शेवटचा दुवा जर्मनीत जुळला. अंधाऱ्या खोलीत कोणाच्या डोळ्याजवळ मेणबत्ती धरली तर डोळ्यात तिची प्रतिबिंबं दिसतात: समोरच्या पडद्यावरचं, भिंगाच्या पुढच्या बाजूचं आणि मागच्या बाजूचं. हॉलंडच्या क्रॅमरने आणि त्याच्यापाठोपाठ हर्मान फोन हेल्महोल्ट्झने पाहिलं की माणूस जवळ बघू लागला की भिंगाच्या पुढच्या बाजूचं प्रतिबिंब लहान होतं. म्हणजे ती बाजू जास्त फुगते. डोळ्यातल्या कंकणासारख्या स्नायूचा शोध १८४७ मध्ये लागला होता. १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झने या सगळ्याची सांगड घातली.

त्याचं म्हणणं सोपं करून सांगते. चौघांनी चार कोपरे धरून चादर ताणली आहे असं समजा. चौघे एकेक पाऊल आत आले की चादर सैल पडते. भिंग असंच बारीक धाग्यांनी गोल स्नायूला टांगलेलं असतं. स्नायू सैल असताना त्याचं कडं मोठं असतं, धागे ताणलेले असतात आणि भिंग चपटं राहतं. तेव्हा दूरचं दिसतं. जवळ बघायचं असलं की स्नायू आवळतो, कडं लहान होतं, धागे ढिले पडतात आणि भिंग आपल्याच लवचीकपणाने फुगतं. म्हणजे लांब बघणं ही डोळ्याची विश्रांती आणि जवळ बघणं ही मेहनत. वाचून थकल्यावर आपण खिडकीबाहेर का बघतो, याचं उत्तर हे आहे.

वय वाढतं तसं भिंग कडक होत जातं. धागे सैल होतात, पण भिंग फुगत नाही. हॉलंडच्या डॉन्डर्स यांनी १८६४च्या ग्रंथात वय आणि नजर यांचा हिशेब मांडला. दहा वर्षांच्या मुलाला साधारण ७ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, चाळिशीत ते अंतर २२ सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि साठीत मीटरभर. माणसाचा हात तेवढा लांब नसतो.

शब्दांचा प्रवास

उर्दूच्या शिक्षिकेला या सगळ्यात शब्द दिसल्याशिवाय राहत नाहीत. ग्रीकांनी भिंगाला बर्फासारखा म्हटलं. अरबीत ते ‘जलीदिया’ झालं, ‘जलीद’ म्हणजे गोठलेलं पाणी. जुन्या युनानी पुस्तकांत आजही ‘रुतूबत-ए-जलीदिया’ सापडतं. मागच्या पडद्याला ग्रीकांनी जाळं म्हटलं, अरबांनी ‘शबकिया’ केलं, त्यावरून लॅटिनमध्ये ‘रेटिना’ आला आणि तो आता आपल्या डॉक्टरांच्या तोंडी आहे. भिंगाला लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूर. अरबी-उर्दूत ‘अदसा’, तेही मसूरच. आकार तसा, म्हणून नाव तसं. ग्रीक, अरबी, लॅटिन, उर्दू, मराठी: यातला एक मधला शब्द काढून हा आमचा म्हणून वेगळा ठेवता येत नाही, आणि तो मुद्दाम पुसायचा म्हटलं तर साखळी तुटते. इब्नुल हैसमना वगळून केपलर सांगता येत नाही, कारण केपलरने प्रश्नच तिथून घेतला. आणि इब्नुल हैसमवरच थांबलं तर माझ्या सव्वाच्या नंबराचं कारण कधी कळत नाही.

दुरुस्त भाषण

इब्नुल हैसम यांचा आणखी एक ग्रंथ आहे: ‘अश-शुकूक अला बतलमयूस’, म्हणजे टॉलेमीविषयीच्या शंका. सुरुवातीलाच ते सांगतात की सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या ग्रंथांवर नुसता विश्वास ठेवू नये, त्यांना सगळीकडून तपासावं, आणि तपासताना स्वतःवरही संशय घ्यावा. हे वाचल्यावर लाल पेनाचा प्रश्न माझ्यासाठी संपला. त्यांच्या नावावर खोटं वाक्य ठेवणं हा त्यांचा मान कसा होईल?

मुलीला सगळं सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “टीचर, त्यांचं चुकलं असं बोलले तर मार्क कमी होतील?” मी म्हटलं, होतील कदाचित. ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन आली. तिने लिहिलं होतं की इब्नुल हैसम यांना भिंगाचं काम कळलं नव्हतं, पण त्यांनी विचारलेला प्रश्न इतका चांगला होता की त्याचं उत्तर शोधायला सहाशे वर्षं लागली. त्यातलं एक अक्षरही मी बदललं नाही. सहकाऱ्यांनी ते भाषण ऐकलं. बोलले काही नाहीत. पण नंतर त्यांनी तो दोन छिद्रांचा कागद मागून घेतला.

आता अम्मीबद्दल. माझ्या लहानपणी अम्मी शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. मी सातवी-आठवीत असताना ती रोज दुपारी हाक मारायची, “सुई में धागा डाल दे.” मी एका झटक्यात ओवून द्यायचे आणि तिला चिडवायचे. दोनेक वर्षांत शिवण बंद झालं. हातातली सफाई गेली, असं ती म्हणायची आणि आम्हीही तेच धरून चाललो. दूरचं तिला छान दिसत होतं. गल्लीच्या टोकाहून येणारा माणूस ती ओळखायची. मग डोळे खराब असतील असं कोणाच्या डोक्यात येणार? आज हिशेब करते तर तेव्हा ती पंचेचाळिशीची होती. सफाई कुठेही गेली नव्हती, भिंग कडक झालं होतं. बाजारात मिळणाऱ्या साध्या चष्म्याने तिची दहा-पंधरा वर्षांची कमाई वाचली असती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालात आकडा आहे: निव्वळ चाळिशी न मिळाल्यामुळे जवळचं नीट न दिसणारी माणसं जगात ८२ कोटी ६० लाख. त्यांच्यासाठी हेल्महोल्ट्झचं काम १८५५ मध्येच संपलं होतं आणि त्या अनामिक कारागिराचं १२८६च्या आसपास. राहिलं ते स्पिनांचं काम, म्हणजे माहीत असलेलं सगळ्यांपर्यंत पोचवण्याचं. ते शिक्षकाचं काम आहे.

तुमच्या घरात कोणी पेपर लांब धरून वाचत असेल, तांदूळ निवडायला उन्हात जाऊन बसत असेल, सुई ओवायला पोरांना हाक मारत असेल, तर त्यांना चिडवू नका. एकदा नजर तपासून आणा.